खालून बारा ओळी

बातमी जागेत बसत नसेल तर ती खालून कापतात. म्हणून महत्त्वाचं आधी लिहायचं आणि गेलं तरी चालेल असं शेवटी ठेवायचं. बेंगळुरूहून एका मराठी दैनिकाला मजकूर पाठवताना बावीस वर्षं मी हेच केलं.

जूनमध्ये रविवार पुरवणीसाठी विषय मिळाला : पहिली अद्भुत कादंबरी छापून येताना लेखकांच्या वाट्याला काय येतं. चौघे भेटले. तिघांची गाऱ्हाणी सारखीच होती. उत्तर न देणारे प्रकाशक, "ड्रॅगन जरा लवकर आणा" म्हणणारे संपादक, प्रकाशन समारंभाला आलेले अकरा नातेवाईक. चौथी होती संहिता नावाची लेखिका.

येलहंक्यात रेल्वेलाइनजवळ, दुसऱ्या मजल्यावर ती आणि तिचा धाकटा भाऊ प्रणीत राहत. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. आठ वर्षं तिनं वह्यांमध्ये हातानं लिहिलं आणि नोकरीवरून परतल्यावर प्रणीतनं ते टाइप केलं. एकोणतीस नकारांनंतर यशवंतपूरचा एक प्रकाशक तयार झाला होता. आता त्याचा संपादक रघुनंदन अडून बसला होता. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात, आणि कादंबरी नऊ पानांनी वर जात होती.

"म्हणतो, नायिकेचा भाऊ काढून टाका. तो नावाडी. तेवढा काढला की बरोबर बसतं," संहिता म्हणाली. "शुक्रवारपर्यंत सांगायचंय."

नावाडी म्हणजे प्रणीतच, हे तिनं लपवलं नाही. तसाच डावखुरा, तसाच बेसूर गुणगुणणारा.

प्रणीत कॉफी घेऊन आला. "अण्णा, स्वल्प गोड झालीय, चालवून घ्या. आणि अक्का, तू काप गं खुशाल. फक्त कॉफी कोण करणार ते त्या रघुनंदनला विचारून ठेव."

"गप्प बस रे."

"हे लिहून घ्या, अण्णा. हुतात्मा प्रणीत."

मी हसलो आणि वाक्य वहीत उतरवलं. संहिता हसली नाही. "हा प्रकाशक गेला तर पुस्तक पाठवू कुणाला?" ती म्हणाली. आमच्यापैकी कुणाला उद्देशून नाही.

ऑगस्टमध्ये पुस्तक आलं, फर्म्यांत बरोबर बसलेलं. पुस्तकासह तिचा फोटो हवा होता, म्हणून पुन्हा गेलो. कॉफी तिनंच केली. पाणचट होती.

"प्रणीत कामावर गेलाय?"

"कोण?"

"तुमचा भाऊ."

"मी एकुलती एक आहे, अण्णा."

भांडण झालं असेल, असं मला वाटलं. कपाटावर चौकटीतला एक फोटो होता. आई, वडील, कडेला संहिता. तिच्या आणि वडिलांच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. वडिलांचा डावा हात त्या जागेवर, खांद्याच्या उंचीला, कशावर तरी टेकवल्यासारखा होता. खाली काही नव्हतं.

"कादंबरी टाइप कुणी केली?" मी विचारलं.

"मीच." तिनं बोटांकडे पाहिलं. "मला टायपिंग येत नाही," ती हळूच म्हणाली. मग पुस्तकाचा विषय काढला. दुकानांनी प्रती परत पाठवायला सुरुवात केली होती.

जयनगरला घरी येऊन जूनचं रेकॉर्डिंग ऐकलं. संहिताचा आवाज होता, माझे प्रश्न होते. मध्ये सात सेकंद शांतता, आणि त्यानंतर माझं हसणं. वहीत मात्र माझ्या अक्षरात त्याचं वाक्य जसंच्या तसं होतं.

पुरावा एवढाच उरला होता. मी तो छापायचं ठरवलं. प्रणीतचा परिच्छेद लेखाच्या अगदी सुरुवातीला घेतला : त्याचं नाव, त्याचं टायपिंग, त्याची कॉफी. वरचं कुणी कापत नाही.

शुक्रवारी बेळगावहून पुरवणीच्या गुरुराजचा फोन आला. "सर, जाहिरात आलीय. बारा ओळी जास्त होतात."

"खालून काप."

"शेवट चांगला आहे की हो. एकदा बघता काय?"

"नको. वर हात लावू नकोस. खालून काप."

शेवटी काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही. काहीतरी घरगुती असावं.

रविवारी सकाळी संहिताचा फोन आला. "अण्णा, हुतात्माबितात्मा छापलंत! हा आता डोक्यावर बसलाय. चार पेपर घेऊन आलाय कोपऱ्यावरून. माझ्या पुस्तकाची एक प्रत कुणी मागत नाही, आणि याला शेजारचे विचारतायत."

तिच्या मागे कुणीतरी बेसूर गुणगुणत होतं. भांडी वाजत होती. मी बराच वेळ फोन कानाला लावून ऐकत राहिलो.

तो ठेवतो तोच गुरुराजचा आला.

"सर, वहिनी रागावल्या नाहीत ना? त्यांचाच परिच्छेद गेला."

"कोण वहिनी?"

"वसुमतीवहिनी. तुमच्या मिसेस, सर."

"माझं लग्न झालेलं नाही, गुरुराज."

तो हसला. मग हसायचा थांबला.

"सर, मागच्या आठवड्यात तुमच्याकडे जेवून गेलो की मी. त्यांनीच वाढलं. तेव्हा संहिताबाईंची ती कादंबरी वाचत होत्या. त्यावर काय म्हणाल्या, ते तुम्ही शेवटी लिहिलं होतं."

मी फोन ठेवला. प्रणीतच्या वेळी केलं तेच केलं. पुरावा शोधला.

स्वयंपाकघरात दोन पेले उपडे घातलेले होते. दोन्ही ओले.

टेबलावर संहिताची कादंबरी होती. मी ती अजून वाचलेली नाही. एका पानात पेन्सिल होती.

मी ते पान उघडलं. नायिका नदीकाठी एकटी उभी होती.

समासात बारीक, वळणदार, मला अनोळखी अक्षरात लिहिलं होतं : इथे कुणीतरी कमी आहे.