रेडिएटरातली हळद

वरची रबरी नळी इतकी तापली होती की तिच्यावर बोट टेकवत नव्हतं. खालची मात्र माठाच्या बुडासारखी गार होती. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम दीड हात. शालूने आळीपाळीने दोन्हींवर तळहात ठेवून पाहिला, पदराला पुसला आणि पुन्हा खालची नळी चाचपली. गारच.

इंजिन दहा मिनिटं चालून नुकतंच बंद झालं होतं. तापलेलं पाणी वरच्या नळीने रेडिएटरात यावं, तिथल्या बारीक बारीक नळ्यांतून निवत खाली उतरावं आणि खालच्या नळीने परत इंजिनात जावं. गरम वर, गार खाली, एवढ्या एकाच नियमावर ही बिनपंपाची जुनी मोटार चालायची. आता पाणी वरच अडून उकळत होतं. मध्ये काहीतरी तुंबलं होतं.

काय तुंबलं होतं, ते सगळ्या लोणावळ्यात दोघींनाच ठाऊक होतं. एक स्वयंपाकाच्या अंबूबाई. आणि दुसरी ती स्वतः, पुण्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणारी शालू.

"गारच लागती ना?"

ती दचकून वळली. माघातलं धुकं अजून अंगणातून हललं नव्हतं. फाटकाशी सोपान उभा होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, डोक्याला मफलर. अडीच महिन्यांत तो या घराकडे फिरकला नव्हता.

"तुम्ही…?"

"मीच. का, वळख मोडली?" तो हसला, पण ते हसू नेहमीसारखं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "सोमवारी देहूरोडच्या डेपोत हजर व्हायचंय. लढाई चालू हाय, मिस्त्री लोक लागत्यात त्यास्नी. तितनं पुढं कुटं धाडतील, नेम न्हाई. म्हनलं, जायच्या आधी आपन बिघडवलेलं आपनच एकदा बघावं."

आपन बिघडवलेलं! शालूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने मान खाली घातली आणि उगीचच पायाने एक खडा बाजूला सारला.

दोन वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या घाटात त्यांची पहिली भेट झाली तीही याच मोटारीपायी. मोटार वाफ सोडत उभी होती, शालूचे वडील दत्तोबा, म्हणजे तिचे आबा, पाणी शोधायला गेले होते आणि शालू मोठ्या धिटाईने रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाली होती. इतक्यात एक ओलं पोतं झपकन झाकणावर पडलं.

"तोंड भाजून घ्यायचंय का, बाई? निवू द्या तिला आदी. तापलेल्याला गार पानी सोसत न्हाई."

"धातू एकदम आकसतो म्हणून," शालू फणकाऱ्याने म्हणाली होती.

"आसंल. आमच्यात त्याला राग म्हनत्यात."

तिला हसू आवरलं नव्हतं. वराळ्याच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. बाजारापलीकडे त्याची मोटारदुरुस्तीची पत्र्याची शेड होती. पुढे मोटारीच्या निमित्ताने तो येत राहिला; रेडिएटरची जुनी चीर कथलाचा डाख देऊन त्यानेच बुजवली. ती त्याला 'का' सांगायची, तो तिला 'कसं' दाखवायचा. रेडिएटर धुवायला सोडा किती घ्यायचा, असं तिने एकदा विचारलं, तर म्हणाला, "बादलीला दोन मुठी."

"कुणाच्या मुठी?"

"माज्या."

"मग शास्त्रात ही मूठ मोजून घ्यावी लागेल, सोपानराव."

त्याने खरंच मूठभर सोडा तिच्यापुढे धरला होता. तिने तो शाळेतल्या तराजूत तोलला. सात तोळे भरला. तो आकडा तिने कुठेच लिहिला नाही, पण विसरलीही नाही.

मोटार चालवायलाही तिला त्यानेच शिकवलं, वळवणच्या धरणाकडच्या सामसूम रस्त्यावर. मागच्या बाकावर पहारा म्हणून अंबूबाई असायच्या. दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून त्या खंडोबाला नवस बोलत राहायच्या. एकदा गियर बदलताना त्याचा हात तिच्या हातावर पडला आणि जरा जास्तच वेळ राहिला. "गियर पडला का गं?" मागून अंबूबाई म्हणाल्या. "पडला आसंल तर हात उचला की!"

आणि मग गेल्या दिवाळीत, पाडव्याला, पणतीच्या उजेडात… "तुमच्या आबास्नी विचारायला येऊ का?" त्याने विचारलं. शालूच्या ओठांवर 'हो' आलं होतं. पण ती पडली शास्त्राची बाई, उत्तर दोनदा तपासल्याशिवाय द्यायची सवय नाही. "सांगते," ती म्हणाली.

चारच दिवसांनी, कुणी नसताना, एकटीने मोटार चालवून पाहायची हुक्की तिला आली. वळणावर मैलाच्या दगडाला नाक धडकलं. घरी आल्यावर खाली वाकून पाहिलं, तर रेडिएटरमधून मिनिटाला अकरा थेंब गळत होते.

"हळद टाक चिमूटभर," अंबूबाई म्हणाल्या. "माजा गेणू लॉरीवर हाय. तो हेच करतो. भोक बुजतं."

चिमूटभर! पण शालूच्या मनात आबांची भीती होती. तिने डबाच उपडा केला. गळती थांबली. ती सुटकेचा श्वास टाकून झोपली.

तुळशीचं लग्न झालं आणि आत्याच्या मुलीचं वराळ्याला लग्न निघालं. आबा ऐटीत मोटारीने निघाले, आणि कामशेतच्या पुढे मोटार उकळून बंद पडली. घरची मंडळी बैलगाडीने पोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मुलीचे मामा, आणि लग्नाला हजर नाहीत! आबांच्या तोंडाची वाफ मोटारीच्या वाफेहून कडक होती. समोर पंगतीत वाढत असलेला सोपान दिसला आणि भर मांडवात, त्याच्या आईदेखत, भावकीदेखत ते ओरडले, "ह्या पोराच्या हातात कसब न्हाई! ह्यानं रेडिएटरला डाख दिला तो असला! ह्याच्याकडं गाडी देऊ नका कुनी!"

शालू तिथेच होती, सहा पावलांवर. सोपानने एकदाच तिच्याकडे पाहिलं. मग हातातली पळी खाली ठेवून आबांना म्हणाला, "चुकलं आसंल, भाऊ."

ती काही बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्याची शेड ओस पडत गेली, हे तिला शाळेत जाता-येता दिसायचं. ती रस्त्याच्या दुसऱ्या कडेने जायला लागली. त्याच्या प्रश्नाचं 'हो' तर घशातच राहिलं. ज्याचं नाव आपण बुडवलं, त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं की तुमचं नाव मला लावायचंय?

"काय चाललंय तितं?" दत्तोबा चहाचा पेला घेऊन ओट्यावर आले. सोपानला पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली. "तू व्हय? आता काय राह्यलंय हिचं बिघडवायचं?"

"धुवून देतो, भाऊ. फुकट. मग जातो."

आबांनी हुं केलं आणि ते ओट्यावर बसले.

सोपानने खालची तोटी सोडली. घमेल्यात तपकिरी पाणी पडलं. तो वाकून बघत राहिला. "गंज दिसतोय. लय हाय." मग मान वर न करता म्हणाला, "शालूबाई, गरम पानी आना एक बादली. आन् धुन्याचा सोडा."

सोडा. शालू स्वयंपाकघरात गेली. चुलीवर पाणी होतंच. अंबूबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातली परात खाली ठेवली.

"सोडा मागितला त्यानं? पोरी, हळदीच्या डागाला सोडा लागला की काय हुतं ठाव हाय ना?"

"माहीत आहे."

"लालभडक! सगळं उघडं पडंल. मी सांगते सोडा संपला म्हनून. तू गप ऱ्हा."

फळीवर डबा होता. सोपा उपाय होता. एक शब्द, 'संपलाय', आणि सोमवारी तो निघून गेला असता, स्वतःच्या हातांना दोष देत. शालूने डबा खाली काढला. सात तोळ्यांच्या हिशेबाने दोन मुठी तिने वाटीत घेतल्या. आपली मूठ लहान म्हणून प्रत्येक वेळी वर थोडा जास्त.

अंगणात येऊन तिने वाटी त्याच्या हातात दिली. त्याने वाटी हेलकावून पाहिली.

"बरोबर घेतलात की."

"तुमच्याच मुठीने," ती म्हणाली.

त्याने सोडा पाण्यात विरघळवून रेडिएटरात ओतला, हँडल मारलं. मोटार खोकली, थरथरली, चालू झाली. पंधरा मिनिटं. शालू मनातल्या मनात सेकंद मोजत होती. मग त्याने इंजिन बंद केलं, जरा निवू दिलं आणि पुन्हा तोटी सोडली.

लाल. गडद, दाट, कुंकू कालवावं तसं पाणी घमेल्यात धो धो पडायला लागलं.

"अगं बया!" दारातून अंबूबाई म्हणाल्या आणि तोंडावर हात ठेवला.

"हे काय रे?" दत्तोबा उठून उभे राहिले. "रगत ओकती का काय गाडी?"

सोपानने तळाशी साचलेला लगदा बोटावर घेतला. नाकाशी नेला. थबकला. सावकाश मान वळवून त्याने शालूकडे पाहिलं, मांडवात पाहिलं होतं तसंच, फक्त एकदा. मग बोट फडक्याला पुसलं.

"गंज हाय, भाऊ," तो म्हणाला. "जुना गंज लालच हुतो. माजीच चूक. तवाच धुवायला पायजे हुती."

शालूला वाटलं, त्यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याला कळलं होतं. आणि तरीही तो दुसऱ्यांदा तिच्या वाटणीची मान खाली घालत होता.

"गंज नाही, आबा," ती म्हणाली. "हळद आहे. मी घातली."

दत्तोबांनी एकदा घमेल्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

मग तिने सगळं सांगितलं. मैलाचा दगड, अकरा थेंब, उपडा केलेला डबा. काहीच लपवलं नाही, अंबूबाईंच्या सल्ल्याखेरीज. "त्यांच्या डाखाला काही झालेलं नव्हतं. तो अजूनही शाबूत आहे. मला मांडवातच बोलायला हवं होतं… मी भ्याले."

दत्तोबा मटकन ओट्यावर बसले. पेल्यातला चहा हिंदकळून धोतरावर सांडला, तो त्यांनी पुसलाही नाही.

"हळद मीच सांगितली व्हती," अंबूबाई दारातून पुटपुटल्या. "पर चिमूटभर!"

सोपानने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं, "अडीच महिनं डाख देताना माजा हात कापतोय, शालूबाई. वाटायचं, हातातनं गेलं आपल्या सगळं. तुमी एकदा… नुसतं मलाच सांगितलं आसतं तरी…"

डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून ती वर बघत राहिली. धुकं विरायला लागलं होतं. राजमाचीच्या बाजूचं आभाळ उजळत होतं.

त्याने पुन्हा कामाला हात घातला. एकदा साधं पाणी, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. लाल फिकट झालं, गुलाबी झालं, मग नितळ. दगडाने पडलेलं भोक डाख देऊन बुजवून, शेवटचं पाणी भरून त्याने इंजिन चालू केलं. शालू खाली वाकली. न राहवून तिने हात लावला.

"अजून गारच आहे," ती घाबरून म्हणाली. "म्हणजे मी कायमची…"

"हवा अडकलीय आत," तो म्हणाला. "हवा कोंडली की पानी फिरत न्हाई. वाट करून द्यावी लागती तिला. या, ढकला."

दोघांनी मिळून मोटार अंगणातल्या चढावर घेतली, नाक वर करून. त्याने चाकाला दगड लावला, झाकण उघडं ठेवलं. पाण्यावर एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग एकदम खूप, भातासारखे रटरटत, आणि पाण्याची पातळी झपकन खाली गेली. तो धीराने, धार बारीक ठेवून गरम पाणी घालत राहिला.

"एवढी हवा होती?" ती कुजबुजली.

"थोडीच आसती. पर सगळं अडवून धरती." तो पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसला, थोडंसंच. "हं. आता लावा हात."

खालची नळी कोमट होती. तिने तळहात तसाच राहू दिला. कोमट, मग गरम, मग चांगली गरम. पाणी फिरत होतं.

ओट्यावरून दत्तोबा खाकरले. "सोपान," ते म्हणाले आणि त्यांनी पेला खाली ठेवला. "मी… भर मांडवात बोललो रे."

"ऱ्हाऊ द्या, भाऊ."

"राहू द्यायचं नाही," शालू म्हणाली. ती सरळ उभी राहिली. हात काळे झाले होते, पदराला गंज लागला होता आणि चेहरा शरमेने अजून जळत होता. पण आवाज वर्गात असतो तसा, स्वच्छ निघाला. "मोटार चालते आहे, आबा. आपण आत्ता वराळ्याला जायचं. त्यांच्या आईसमोर, भावकीसमोर मी सांगते की मोटार मी बिघडवली."

"चल," आबा म्हणाले. "मीबी सांगतो."

"माजी कीव म्हनून काय करू नका," सोपान म्हणाला. "तेवढं नको. मी सोमवारी जानारच हाय."

"जा ना. देहूरोडला रोज गाड्या जातात." तिने खोल श्वास घेतला. "कीव कुणाला येतेय? कीव आली असती तर सोडा संपलाय म्हटलं असतं मी… आबा, वराळ्याला मला आणखी एक सांगायचंय. ते आधी तुम्हालाच सांगते."

"आता आनि काय घातलंस गाडीत?"

"गाडीत नाही." तिने सोपानकडे पाहिलं, आणि या वेळी नजर खाली घेतली नाही. "पाडव्याला ह्यांनी मला एक विचारलं होतं, आणि मी 'सांगते' म्हटलं होतं. सांगते. हो. मला ह्यांच्याशीच लग्न करायचंय."