खारातला दगड

दहाव्याचं उरकून चारुदत्त काजळी नदीच्या काठावरून घरी आला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. सत्त्याऐंशी सालातला मे महिना. पिंडाला कावळा लगेच शिवला होता, अश्मा नदीत गेला होता, कुठे काही अडलं नव्हतं. हेमानं दिलेला चहा घेऊन तो पडवीत टेकला आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला जरा हलकं वाटलं.

अण्णा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. बोलणं जवळजवळ गेलं होतं. काही हवं असलं की बोटातल्या अंगठीनं शेजारच्या भिंतीवर टकटक करायचे. शेवटी शेवटी मात्र मुलाचा हात धरून एकच म्हणायचे, "मोकळं कर रे मला."  आज एकदाचे सुटले बिचारे, असं तो मनाशी म्हणाला.

चारुदत्त चिपळूणच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा. आदिमानव मेलेल्याचे गुडघे पोटाशी दुमडून त्याला पुरायचा, उशाशी अन्न ठेवायचा आणि वर धोंडा. "अन्न मायेपोटी, धोंडा भीतीपोटी! गेलेला उठून परत येऊ नये म्हणून," असं तो वर्गात रंगवून सांगे आणि पोरं खिदळत. घरच्या अश्म्याकडे मात्र त्यानं त्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. स्मशानात मडकं फोडायचा तो दगड. दहाव्यापर्यंत गेलेल्याचा जीव त्यात राहतो म्हणतात. म्हणून तो घरात आणायचा नाही आणि दहाव्याला पाण्यात सोडायचा. त्यानंही तो फडक्यात बांधून परसातल्या फणसाच्या बेचक्यात ठेवला होता.

टक्… टक्…

"आलो, अण्णा," तो म्हणाला आणि उठलाही. मग हातातला चहा हिंदकळला.

माजघराच्या दारात हेमा उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्हीही ऐकलंत?" ती हळूच म्हणाली. "मला चार दिवस येतोय हा आवाज. वाटलं, भास होतोय… कोठीतून येतो."

कोठीच्या खोलीत भरदुपारीही अंधार असे. मिठाचा, पोत्यांचा, पिकत घातलेल्या आंब्यांचा वास, आणि त्यात आणखी एक. अण्णांच्या अंगाला चोळायच्या तेलाचा. कोपऱ्यात खारातल्या, मिठाच्या पाण्यात घातलेल्या, कैऱ्यांची मोठी बरणी होती. चारुदत्तनं झाकण काढलं. कैऱ्यांवर वजन म्हणून नदीतला एक काळा, गुळगुळीत दगड ठेवलेला होता. त्याच्या एका कडेला खाच होती. स्मशानात अश्मा हातात घेतला तेव्हा चारुदत्तचा अंगठा त्याच खाचेत रुतला होता.

मग आज नदीत टाकला तो? तो खरबरीत होता, हे त्याला आत्ता आठवलं. तेव्हा डोळे भरून आले होते, दगडाकडे कोण बघतंय!

हेमानं शेजारच्या दमयंतीकाकूंना हाक मारली. सुतकात या घरचा स्वयंपाक त्याच बघत होत्या.

"अरे, मीच ठेवला तो," काकू म्हणाल्या. "हेमाला सुतकात खाराला शिवता येईना, नि कैऱ्या तर वर तरंगून बुरशी धरायला लागलेल्या. फणसाखाली चांगला धोंडा दिसला, धुतला नि ठेवला. का रे, काय झालं?"

बागेतला गडी धाकू परसात उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "वांदरांनी गठडा पाडला व्हता, भाऊ. फडका मोकळा झालेला. बाजूला धोंडा पडला व्हता, त्योच बांधून वर ठेवला मी… त्यो नव्हता काय?"

रागावणार तरी कोणावर? चारुदत्त बरणीकडे बघत राहिला. खाली अन्न, वर धोंडा. वर्गातलं आपलंच वाक्य त्याला आठवलं आणि अंगावर सर्रकन काटा आला.

त्यानं दगड उपसून काढला. कोठीतल्या थंडगार खारातून निघालेला तो दगड कोमट होता. तो घेऊन चारुदत्त पुन्हा नदीची वाट चालू लागला. सूर्य बुडायच्या आत पोचायला हवं, एवढंच डोक्यात. घामानं सदरा पाठीला चिकटला. खोल डोहाशी उभं राहून त्यानं दगड छातीशी धरला. "चुकलं, अण्णा. माफ करा. जा आता… मोकळे व्हा." दगड डुबुक करून तळाशी गेला. मग मात्र तो हमसून हमसून रडला.

घरी परतला तेव्हा हेमानं देवापाशी दिवा लावला होता. घर शांत होतं.

"सोडलात?"

"सोडला. तोच होता, नीट बघून सोडला."

 कंदील उचलून हेमा कोठीकडे वळली आणि त्याला मागून यायची खूण केली. बरणी उघडीच होती.

वरचं वजन काढलं की खारातल्या कैऱ्या भराभर वर येतात; कोकणात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. या आल्या नव्हत्या. बरणीत वर नुसतं नितळ पाणी होतं आणि सगळ्या कैऱ्या तळाशी दाबलेल्या, मधोमध खळगा पडलेला.

"अहो…" हेमानं त्याचं मनगट घट्ट धरलं. "मी हात नाही लावलेला…"

चारुदत्तनं कंदील खाली धरला. त्या दोघांच्या डोळ्यांदेखत मधल्या कैऱ्या आणखी थोड्या खाली गेल्या.