गोधडीतला कॉम्प्युटर

"अबे चाल ना लवकर! मंडईतला आकाशपाळणा फिरून राहिला!" शेजारचा गजेंद्र दारातूनच ओरडला.

"तू जा. मी नाही येत," समीक्षा म्हणाली.

समीक्षा मंडईच्या जत्रेला नाही म्हणते? म्हणजे काहीतरी भयंकरच!

होतंच तसं. ही २०१२ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. तेव्हा केशोरी गावात मुलांकडे मोबाइल नव्हते, आणि घनश्यामभाऊच्या सेवा केंद्रातला कॉम्प्युटर लांबूनच बघायचा असे. काय ते दिवस होते! समीक्षा आणि राजदीपची मोठी बहीण अंजना पोलीस भरतीसाठी वर्षभर इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या पाळीवरून पहाटे धावली होती. तिचे कागद, फोटो, सही, सगळं त्याच कॉम्प्युटरच्या पोटात होतं. अर्जाची मुदत आज पाचला संपणार होती. वयाची अट अशी की पुढच्या वर्षी ती बसणारच नव्हती. आणि हा पठ्ठ्या कॉम्प्युटर तीन दिवस नुसता अपडेटच घेत बसला होता!

"अर्जुनीच्या केंद्रावर जायची एस.टी.ही गेली," राजदीप रडवेला होऊन म्हणाला.

"रडतोस कायले? आपण पाहू ना!" गजेंद्रने आकाशपाळण्यावर पाणी सोडलं.

तिघं केंद्रावर पोचले तेव्हा घनश्यामभाऊ नवा शर्ट घालून मंडईलाच निघाले होते.

"अपडेट हून राहिला पोट्टेहो, हात नका लावू! आणि त्याच्यावरची गोधडी काढू नका. बाजूले मळणी सुरू आहे, धुरळा बसते. मायनं खास शिवून दिली." एवढं बोलून भाऊ पसार!

पडद्यावर आकडा चढत होता. एकोणतीस, तीस, एकतीस... आणि फट! पडदा काळा. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"भूत आहे यात," राजदीप कुजबुजला.

"भूत नाही, मांजर आहे," समीक्षा म्हणाली. खरंच, गोधडी पांघरलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर भाऊंची मांजर डाराडूर झोपली होती. "तीन दिवसांपासून इथंच झोपून राहिली. काऊन?"

"थंडी आहे म्हणून," गजेंद्र म्हणाला.

"मग चुलीजवळ काऊन नाही जात?" समीक्षाने गोधडीखाली हात घातला. "अगं माय! हा तर तव्यासारखा तापला! म्हणून बंद पडते हा! अर्ध्यात बंद पडते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून!"

मग काय! मांजर उठवली, गोधडी काढली. मागच्या जाळीत धानाचा कोंडा गच्च बसला होता. वायर काढून ठेवली. गजेंद्र घरी धावला आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा ब्रश घेऊन आला. कोंडा झाडला, डबा गार होऊ दिला, वायर पुन्हा लावली, बटण दाबलं. राजदीपने शेजारच्या खळ्यातून सूप आणलं आणि डब्याला वारा घालू लागला.

एकतीस... बत्तीस! तेहतीस!

"हात थांबवू नको रे!"

"हात मोडून राहिले ना माझे!"

नव्वद... शंभर! पण आता पासवर्ड? गजेंद्र मंडईत शिरला आणि गर्दीत गळा फाडून ओरडला, "घनश्यामभाऊ! तुमच्या कॉम्प्युटरले आम्ही सुपानं वारा घालून राहिलो!"

हातातली जिलेबी तशीच धरून भाऊ धावत आले. कान धरायला आले आणि पडदा बघून खुर्चीतच बसले. समीक्षाने धावत जाऊन अंजनाताईला आणलं आणि तिने भराभर अर्ज भरला. पाचला सात मिनिटं कमी असताना अर्ज गेला!

"शाबास रे पोट्टेहो! मले लाज वाटून राहिली," भाऊ म्हणाले आणि जिलेबी तिघांना वाटून दिली. भाऊंची आई जमुनाबाई मात्र डोळ्यांना पदर लावून बसली. "माह्याच गोधडीनं पोरीचं नुकसान होत होतं ना."

"रडू नका, माय," अंजनाताई म्हणाली. "भरती झाले तर हीच गोधडी घेऊन जाईन मी."

आणि झाली ना भरती! पुढच्या वर्षी ट्रेनिंगमधल्या पहिल्या थंडीत तिचा फोन आला. "समू, सगळ्या पोरी कुडकुडून राहिल्या, अन् मले घाम! आता समजलं, बिचारा कॉम्प्युटर काऊन बंद पडत होता!"

तिघं पोट धरून हसले. ताईची फार आठवण आली म्हणून समीक्षा मग थोडी रडलीसुद्धा.