शेजारच्या सीटवर तीन अंश

वैद्य हे माणसांचे वैद्य नव्हते, गाड्यांचे होते. तेही सबंध गाडीचे नव्हेत. इंजिन, चाकं, रंग यांकडे ते ढुंकूनही बघत नसत. गाडीच्या आतली हवा एवढाच त्यांचा प्रांत. उन्हाळ्यात गार न होणाऱ्या आणि हिवाळ्यात गरम न होणाऱ्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. इतर लोक खिशाला पेन लावतात तिथं यांचा लांब सुईचा थर्मामीटर असे. गाडी आली की सुई हवेच्या जाळीत खुपसायची, आकडा बघायचा आणि मग गिऱ्हाइकाकडे बघायचं, असा त्यांचा क्रम. मध्येच कुणी तक्रार सांगू लागलं तर ते हात वर करत. "तुम्ही थांबा, आधी तिला बोलू द्या." काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, यावर त्यांचा विश्वास होता. वैद्य घरी चहासुद्धा मोजून पितात असं गल्लीत म्हणत. ते खोटं होतं. निदान रोज मोजत नसत.

त्या दिवशी दुपारी भूगोलाचे मास्तर गाडी घेऊन आले ते खिडकी सताड उघडी टाकून. बाहेर गारठा असा, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मास्तरांच्या एका कानाला मफलर आणि दुसऱ्या गालावर घाम.

"काय होतंय?" वैद्यांनी विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही तिला बोलू देता."

"तिला घाम फुटलाय. आज तुम्हीच बोला."

मास्तर बोलले. गाडीत दोन्ही बाजूंना वेगवेगळं तापमान ठेवायची सोय होती. चालवणाऱ्याच्या बाजूला बावीस ठेवलं की बावीस. शेजारच्या बाजूला मात्र काहीही ठेवा, भट्टी. परवा तिथं शाळेचे नकाशे ठेवले होते, तर त्यांच्या कडांचा डिंक सुटला.

"कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले."

"आणि आज आठवण झाली?"

"एकटाच तर असतो. खिडकी उघडायची आणि जायचं." मास्तरांनी मफलर नीट केला. "उद्या मुलीला दवाखान्यातनं घरी आणायचंय. बाळ आठव्यातच झालंय, एवढंसं आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, गाडीत उकडायला नको आणि गारठायलाही नको. मुलीला टाके आहेत, ती पुढची सीट कलती करून बसणार, छातीशी बाळ घेऊन. दुसऱ्या कुणाची गाडी सांगतो म्हटलं, तर ऐकत नाही. आईच्याच गाडीतनं जाणार म्हणते."

"संध्याकाळी सहाला घेऊन जा," वैद्य म्हणाले.

मास्तर निघाले, पुन्हा वळले. "त्या बाजूचा पट्टा लावलेलाच राहू द्या. काढला की घंटी वाजत बसते."

"रिकाम्या सीटला?"

"रिकाम्या सीटला."

"मग वजन ओळखणारी पट्टी गेली असेल."

"असेल," मास्तर म्हणाले.

वैद्यांनी इंजिन चालू ठेवून तपासणीचं यंत्र जोडलं. या गाडीच्या दोन्ही बाजूंना, हवेच्या जाळीपासून दूर, सीटजवळच्या छोट्या जाळीमागं एकेक सेन्सर होता. हरभऱ्याएवढी चीज, पण आत किती थंडी आहे हे ती गाडीच्या कॉम्प्युटरला सांगते आणि मग कॉम्प्युटर गरम-गार हवेची झडप हलवतो. पडद्यावर चालवणाऱ्याच्या बाजूला एकवीस अंश होते. शेजारच्या बाजूला तीन.

वैद्य खूश झाले. शेजारी तीन अंश आहेत असं ज्या बिचाऱ्या कॉम्प्युटरला वाटतंय, तो भट्टी पेटवणार नाही तर काय करणार? सेन्सर गेला, संपला विषय.

त्यांनी दोन्ही सेन्सर काढून अदलाबदल केली. आता खोटारडा चालवणाऱ्याच्या बाजूला आला होता. त्यानं निमूटपणे एकवीस दाखवले. आणि इतका वेळ खरं बोलणारा शेजारच्या बाजूला जाताच म्हणाला, तीन.

वायर असेल. वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली, धडधाकट निघाली. नवा सेन्सर लावला. तीन. झडप हलवणारी छोटी मोटर बदलली. तिचा काही संबंध नव्हता, पण हात रिकामे राहिले की माणूस नाही ते विचार करू लागतो. तीन. जाळीत सुई खुपसली, तर बाहेर पडणारी हवा अठ्ठावन्न.

डॅशबोर्डखाली शिरण्यासाठी त्यांनी पट्टा काढला. लगेच घंटी वाजू लागली, संथ, न चिडता. एखादी व्यवस्थित बाई दाराशी उभी राहून कडी वाजवते तशी. त्यांनी पट्टा पुन्हा लावला आणि आधारासाठी सीटवर हात टेकला. सीट बर्फासारखी होती. तासभर तिच्यावर अठ्ठावन्न अंशांची हवा पडत होती.

'कातडी कव्हरं गारच लागतात,' वैद्यांनी मनाशी म्हटलं. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की कव्हर कापडाचं आहे.

साडेचार वाजले होते. सहाला मास्तर येणार, उद्या एवढंसं बाळ त्या सीटवर बसणार. तेव्हा वैद्यांनी ते केलं जे दुसऱ्या कुणी केलेलं दिसलं की ते शिव्या देत. सेन्सर काढून ठेवला आणि त्याच्या जागी जिऱ्याएवढा रेझिस्टन्स जोडून टाकला. त्याला काही कळत नाही. बाहेर वणवा पेटो की बर्फ पडो, तो जन्मभर एकच आकडा सांगणार: बावीस. सोप्या भाषेत सांगायचं तर डॉक्टरनं रोग्याच्या तोंडातला थर्मामीटर काढून स्वतःच्या तोंडात धरला.

भट्टी विझली. जाळीत सुई खुपसली, बावीस. गावाबाहेर एक फेरी मारली, तरी बावीस. परत आल्यावर त्यांनी सहज पट्टा काढून बघितला. घंटी वाजली नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा.

मास्तर सहाला आले. शेजारच्या जाळीपुढं त्यांनी बराच वेळ हात धरला.

"झाली की," ते म्हणाले. का कोण जाणे, पण त्यांचा चेहरा गाडी दुरुस्त झालेल्या माणसासारखा दिसला नाही.

रात्री जेवताना वैद्य दोनदा म्हणाले, "ती खिडकी लाव गं."

"लावलेलीच आहे," त्यांची बायको म्हणाली. "ताप मोजा स्वतःचा. जगाचा मोजता."

"डाव्या अंगालाच गार लागतंय." मग त्यांनी मास्तरांच्या गाडीची हकीकत सांगितली. रेझिस्टन्सचं तेवढं वगळलं.

बायकोचा हात थांबला. "भूगोलाचे मास्तर? अहो, त्यांची बायको त्याच गाडीत गेली ना."

"अपघात?"

"कसला अपघात. डोंगरातल्या रस्त्यावर बर्फात अडकले. मास्तर मदत आणायला चालत निघाले. जाताना सांगून गेले, पेट्रोल थोडं आहे, हीटर अगदी लागेल तेवढाच लाव. त्या बाई शिस्तीच्या. एकदाही लावला नाही म्हणे. पाच तासांनी लोक पोचले तेव्हा... पट्टासुद्धा लावलेला होता."

वैद्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

म्हणजे काटा खोटं बोलत नव्हता. तिथं तीन अंश होते म्हणून गाडी ऊब देत होती, आणि आपण तिचं तोंड बंद करून मोकळे झालो. तीन अंश तिथंच राहिले असणार. आपण सुई खुपसली ती जाळीत. सीटवर किती आहे ते मोजलंच नाही. आणि उद्या त्या सीटवर...

फोन करायचा, पण बोलायचं काय? 'मास्तर, तुमच्या घरच्यांना गाडीत थंडी वाजतेय'? तीस वर्षांचा धंदा एका वाक्यात बसला असता. ते दोन पांघरुणं घेऊन पडून राहिले. मध्येच बायको उठली आणि पलीकडच्या खोलीत निजायला गेली. "तुमच्या बाजूनं वारा येतोय," एवढंच म्हणाली.

सकाळी लाज बाजूला ठेवून त्यांनी फोन लावला. कुणी उचलला नाही. त्यांनी हत्यारांची पेटी घेतली, मास्तरांच्या गाडीचा काढलेला सेन्सर खिशात टाकला आणि आपली जुनी गाडी काढली. तिच्यात सेन्सर नव्हते, घंटी नव्हती. हीटरचा एक दांडा, निळ्याकडून लालकडे ढकलायचा. रस्ताभर तो लालवर होता आणि रस्ताभर वैद्यांचे दात वाजत होते. काळजीनं माणूस गारठतो, हे त्यांनी ऐकलं होतं.

दवाखान्याच्या आवारात मास्तरांची गाडी उभी होती. मुलगी चाकाच्या खुर्चीत, तिच्या छातीशी दुपट्याची छोटी वळकटी. मास्तर शेजारच्या बाजूचं दार उघडत होते.

"मास्तर, थांबा," वैद्य धापा टाकत म्हणाले. "एक काम राहिलंय. पाच मिनिटं."

"बाबा, हे कोण?" मुलीनं विचारलं.

"वैद्य," मास्तर म्हणाले.

"बाळाला बघून झालंय डॉक्टरांचं."

"गाडीचे गं." मास्तरांनी तिला आत दारापाशी उन्हात नेलं आणि परत येऊन उभे राहिले. वैद्यांनी जाळी काढली, रेझिस्टन्स उपटला, सेन्सर परत बसवला, पेटीतलं यंत्र जोडलं. पडद्याकडे बघायचा त्यांना धीर होईना.

एकवीस. थोड्या वेळानं बावीस.

त्यांनी खिशातला थर्मामीटर काढला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सुई जाळीत न खुपसता सीटवर ठेवली. बावीस. तळहात टेकवला. सीट सीटसारखी होती.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "काल मी गाडीला फसवलं होतं. खोटा आकडा दिला होता. आता खरा दाखवतेय... आणि ठीक आहे."

मास्तर वाकले. त्यांनीही सीटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"दुरुस्त करायला मला दोन हिवाळे वेळ नव्हता असं वाटलं का तुम्हाला?" ते म्हणाले. "रोज एक चक्कर मारायचो. सुट्टीच्या दिवशी दोन. मी खिडकीत तोंड घालून बसायचो आणि तिला... काल तुम्ही भट्टी बंद केलीत. ऊब नसेल तिथं ती कशाला थांबेल? एकदा थांबली तेवढं पुरे."

"मग आता..."

"आता नाहीये," मास्तर म्हणाले. "मला कळतं."

मुलगी सीटवर बसली, बाळ छातीशी. मास्तरांनी तिचा पट्टा लावला. बाळानं एक जांभई दिली आणि गाल लाल करून झोपून गेलं. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत वैद्य बघत उभे होते. मास्तरांची खिडकी बंद होती.

छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. स्वतःची थोडी गंमतही वाटली. ते आपल्या गाडीत येऊन बसले आणि पेटी नेहमीच्या जागी, शेजारच्या सीटवर ठेवायला वळले. मागच्या आरशात त्यांना मागची सीट दिसली. तिच्यावर त्यांच्या नानाविध कळकट चिंध्या पडलेल्या होत्या, आणि मध्ये पेटीच्या आकाराची मोकळी जागा. म्हणजे येताना पेटी मागं ठेवली होती. वीस वर्षं ती पुढं असायची. आज मागं का ठेवली, ते त्यांना काही केल्या आठवेना.

डाव्या अंगाला गार लागत होतं. कालपासूनच लागत होतं. काल साडेचारनंतर.

त्यांनी थर्मामीटर काढला आणि सुई शेजारच्या सीटवर अलगद टेकवली. आकडा सावकाश उतरत गेला. सतरा. अकरा. सहा. तीनवर येऊन थांबला.

काटा खोटं बोलत नाही.

वैद्यांनी पेटी उचलून पुन्हा मागं ठेवली. इंजिन चालू केलं, दांडा लालकडे शेवटपर्यंत ढकलला आणि आपल्या बाजूची खिडकी खाली केली. मग, रीत म्हणून, शेजारच्या सीटचा पट्टा ओढायला हात नेला.

पट्टा लावलेलाच होता.