थांबलेले जिवाणू

मायक्रोस्कोपच्या खोलीत शिरले, तर माझ्या वेळेला भलताच कुणीतरी खुर्चीवर बसला होता. नोंदणीत घोळ झाला होता. वेळ त्यालाही दिली होती.

"तुम्ही बसा," तो उठत म्हणाला. "तुमच्याकडे बघून वाटतंय, आज उभं राहणं तुम्हाला जमणार नाही."

राग यायला हवा होता... पण रागवायलाही अंगात जोर लागतो. मी बसले.

तो दुसऱ्या संस्थेतून काही आठवड्यांसाठी आला होता. लॅबमध्ये सगळे त्याला 'पाहुणे' म्हणू लागले. पाहुण्यांबरोबर चहा घेतला, असं फोनवर सहज बोलून गेले, तर आईनं कान टवकारले. मुलगा काय करतो, म्हणाली. जंतू पाळतो, म्हटलं.

मीही तेच करत होते. आमचा जिवाणू पेशीत शिरतो. पेशीला आकार देणारे अ‍ॅक्टिनचे धागे तो आपल्या एका प्रथिनाच्या जोरावर स्वतःच्या मागे विणून घेतो, आणि त्या शेपटीच्या रेट्यानं शेजारच्या पेशीत घुसतो. प्रथिनातली नेमकी कुठली जागा बिघडवली की शेपूट फुटत नाही, हे शोधता शोधता माझा जीव मेटाकुटीला आला होता. त्याच्या कामाबद्दल विचारलं की तो विषय बदलायचा. चहा मात्र न विसरता आणायचा. अंधारात एकच बटण फिरवताना बोटांना बोटं लागायची... कुणीच हात मागे घ्यायचं नाही.

एका दुपारी पडद्यावरचे जिवाणू जागचे हललेच नाहीत. शेपटीच नव्हती. जागा सापडली होती. मी त्याची बाही धरली आणि हसत सुटले. तो पडद्याकडे बघत राहिला, मग बाही सोडवून बाहेर गेला. मला वाटलं, बाही धरायला नको होती.

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यानं सांगून टाकलं. तीच जागा त्याच्या लॅबच्या प्रमुख मॅडमना आधीच सापडली होती. शोधनिबंध या महिन्यात छापून येणार होता. बाहेर बोलायचं नाही, अशी ताकीद होती. काल त्यानं मॅडमना फोन करून सांगितलं, की तो हे मला सांगणार आहे. त्यांनी त्याला तडकाफडकी परत बोलावलं होतं.

"मग मला का सांगितलंत?"

"काल तुम्ही पहिल्यांदा हसलात," तो म्हणाला. "छापून आलेलं वाचून तुम्हाला हे कळलं असतं, तर... मला ते सहन झालं नसतं."

मी पायरीवर बसले. रडू येईल असं वाटलं. आली ती जांभई. तोही शेजारी टेकला. मी विचारलं, शेपूट नसलेले जिवाणू पेशीत पुढे काय करतात, ते तुम्ही पाहिलंत का. नाही, म्हणाला, तिथवर कुणी गेलंच नाही.

"मग ते मी बघेन," मी म्हटलं. "झोप काढून. तू जा आता, सामान बांधायचं असेल."

'तू' तोंडून निसटलं होतं. त्यानं ते ऐकलं, आणि सामान बांधायला काही तो उठला नाही.

सकाळी तो सगळ्यांचा निरोप घेत फिरला. आमच्या सरांना म्हणाला, येतो. शिपाईकाकांना म्हणाला, येतो. माझ्यापाशी आला तेव्हा पाठीवरची बॅग त्यानं खाली ठेवली.

"तुला निरोपाचं म्हणून म्हणत नाहीये," तो म्हणाला. "येतो."