पोकळ विणीचा हार

हार मोडण्यात चिमणीचा फायदा होता, आणि तो इतका उघड होता की पुढे मोजायची कुणाला गरजच वाटली नाही. मणीकाम शिकवणाऱ्या केंद्रात शिक्षिकेची एकच जागा निघाली होती, राहायच्या खोलीसकट. उमेदवार दोन, चिमणी आणि ताई. दोघींनी उद्या दुपारी बाराला आपापला हार परीक्षकांपुढे ठेवायचा होता. आज साडेपाचला ताई केंद्रातून घरी परतली, तेव्हा तिचा हार अर्धा उसवलेला होता आणि खोलीभर मणी पसरले होते.

फोनवर ती एवढंच म्हणाली, "बाई, या. चिमणीनं माझा गळा कापला."

केंद्राची कोठी सांभाळणाऱ्या बाईंना सगळे तराजूबाई म्हणत. मणी ग्रॅमवर द्यायचे आणि ग्रॅमवर परत घ्यायचे, यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. माणसांकडेही त्या तशाच बघत. आधी वजन, मग बोलणं.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत शिरताच त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि थेट जमिनीवर बसल्या.

"नियम माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं. "काम बाहेरच्यानं बिघडवलं, तर तुला पंधरा दिवस वाढवून मिळतील आणि बिघडवणारी बाद. घरातल्या कुणाकडून बिघडलं, तर काही नाही. आपलं काम आपण सांभाळायचं."

"म्हणजे मी वाचले," ताई म्हणाली. "चिमणीच आहे ती."

"ते मी मोजून सांगते. खिडकी उघडी कशी?"

"तेच तर! आम्ही ती कधी उघडत नाही."

तराजूबाईंनी खिडकीतून खाली डोकावून पाहिलं. "तिसऱ्या मजल्यावर चढून आली होय? चिमणी नावाची आहे गं, पंख नाहीत तिला."

ताईला हसू आलं नाही.

आधी वहिनी. ताईच्या भावाची बायको, दाताच्या डॉक्टरकडे पेशंटच्या वेळा लिहायला बसायची. नवरा बोटीवर नोकरीला.

"आज कुठे होतात?"

"दवाखान्यात. नऊ ते पाच. माणसं तोंड उघडून बसतात आणि मी तोंड मिटून."

"सुई चालवता येते?"

"बटण लावते. ते तिसऱ्या दिवशी पडतं."

"हार मोडून तुम्हाला काय मिळालं?"

"मिळालं?" वहिनी भडकली. "वन्सं त्या नोकरीवर गेल्या असत्या तर ही आतली खोली मला मिळाली असती. त्या हाराला कुणी धक्का लावला असता तर मीच त्याचा हात मोडला असता!"

तराजूबाईंनी मान हलवली. इतकं नागडं खरं क्वचितच कानावर पडतं.

मग आई. खाटेवर बसून ती जाड लाल मण्यांची साधी माळ ओवत होती. गल्लीतल्या तीन पिढ्यांना हिनंच ओवायला शिकवलेलं. घरात एवढं झालं तरी हात थांबले नव्हते.

"चिमणी कधी आली होती?"

"तीनला. पक्कड परत द्यायला. पाणी प्यायली, हार बघितला, गेली."

"एकटी होती हाराजवळ?"

"असेल." बोलता बोलता तिनं नवा दोरा मेणाच्या वडीवरून दोनदा ओढला, चिमटीत धरून सपाट केला आणि सुईत घातला. "माझा जरा डोळा लागला होता."

"आणि जाग?"

"ही ओरडली तेव्हा."

तराजूबाईंनी चिमणीला फोन लावला.

"आले होते," चिमणी म्हणाली. "हार बघितला. जळफळाट झाला माझा. लिहा हवं तर. पण तिनं ग्रुपवर टाकलंय, मी चोर म्हणून. दोनशे जणींनी वाचलं. मी अर्ज काढून घेतलाय, बाई."

"अगं, थोडं थांबायचं होतंस."

"कशाला? वर्गात शिरले की पोरींनी आपापल्या डब्या झाकायच्या?"

फोन बंद झाला. ताईनं सगळं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि तिनं ते पटकन विझवलं.

"म्हणजे आता मी एकटीच उरले," ती हळू म्हणाली. "पंधरा दिवस मिळाले तर पुन्हा करेन. लिहा ना बाई, बाहेरचं कुणीतरी म्हणून."

तराजूबाईंनी उरलेला अर्धा हार उचलला. पोकळ वीण ही ताईनं वर्षभर खपून बसवलेली. आत दोरी नाही, तार नाही. मण्यांनीच मण्यांना धरून उभी राहिलेली नळी, आणि ती तशी उभी राहावी म्हणून दोरा प्रत्येक मण्यातून तीनदा फिरवलेला. आता ती कात टाकल्यासारखी लुळी पडली होती. तुटक्या काठावरचे सात निळे मणी तडकलेले होते. एका मण्यात बोटभर दोरा अडकून राहिला होता. त्यांनी तो नखानं खरवडला. नखात चिकट, पिवळट काहीतरी आलं. मग त्यांनी टेबलाखालून दुसरा दोरा ओढून काढला. दोन हात लांब, सलग, बारीक बारीक वळ्या पडलेला.

"दार लावून घ्या," त्या वहिनीला म्हणाल्या आणि सांगू लागल्या.

"ज्याला हार मोडायचाय तो कात्री घेतो. एक घाव, काम खलास. इथे कात्री लागलेलीच नाही. दोरा सलग आहे, म्हणजे एकेक मणी मागे घेत उसवलाय. तासभर तरी लागला असेल. चिमणी पाणी पिऊन गेली तेवढ्यात हे होत नाही. आणि वैरी माणूस एवढ्या मायेनं उसवत नाही. हे कुणीतरी वीण बघायला उसवलंय. आत काही नसताना ती उभी कशी राहते, ते शिकायला."

"मग परत विणायला घेतलं. म्हणून तर काठाचे मणी तडकले. त्यांच्यात दोरा आधीच होता, त्यातून नवा जाईना. का जाईना? तुझा बारीक दोरा गेला असता. चिमणीचाही गेला असता. केंद्रात मेण लावूच देत नाही आपण, भोक बुजतं म्हणून. पण हा दोरा मेणानं फुगलेला. जोर केला, काच फुटली. जागा करायला आणखी उसवलं, आणखी फुटली. शेवटी बाहेरचं कुणी आलं असं वाटावं म्हणून मणी उधळले आणि खिडकी उघडली. मेण लावायची तीस वर्षांची सवय आहे तुमची, आई. शिकतानाही सुटली नाही."

लाल माळ खाटेवर पडली.

"दोन ओळी फक्त बघणार होते," आई म्हणाली. "ही यायच्या आत नीट करून ठेवणार होते."

"मला विचारायचं होतंस!" ताई किंचाळली.

"विचारलं होतं. दोनदा. तू म्हणालीस, तुझ्या बोटांना नाही जमायचं आता."

"आणि चिमणीचं नाव घेतलं गेलं तेव्हा?" तराजूबाईंनी विचारलं.

"तेव्हा मी माळ ओवायला घेतली," आई म्हणाली.

ताईनं तराजूबाईंचा हात धरला. "बाई, ती पोरगी तशीही गेलीय. तुम्ही खरं लिहून कुणाचं भलं होणारेय?"

"कुणाचंच नाही," तराजूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खरं लिहिलं.

चिमणीचं नाव धुऊन निघालं, पण पुन्हा अर्ज करायला ती आली नाही. दोनशे जणींपैकी नऊ जणींनी तिला फोन केला. जागा त्या वर्षी रिकामी राहिली आणि मग रद्द झाली. वहिनीला खोली मिळाली नाही. ताई आता घरीच बसून दुकानदाराला डझनावारी कानातले करून देते, साध्या विणीचे. आई समोरच्या खाटेवर असते. दोघींच्या मध्ये चार हातांचं अंतर आहे. आईनं पुन्हा विचारलं नाही, ताईनं दाखवलं नाही, आणि पोकळ वीण आता घरात कुणालाच येत नाही, कारण ताईही ती हळूहळू विसरली.