न धुतलेलं वर्ष

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण माझ्या पाठीवरचे वळ खोटे नाहीत.

ही गोष्ट गेल्या जुलैची. झांझिबारमधलं आमचं मकुंडुची गाव. भर दुपारी, शेकडो माणसांसमोर घडलेली.

आमचे पूर्वज इराणच्या शिराझहून आले म्हणतात. नवं वर्ष आम्ही त्यांच्याच जुन्या पंचांगाने पाळतो, जुलैत. त्या दिवशी वर्षभराची भांडणं मैदानात केळीच्या दांड्यांनी एकमेकांना झोडून मिटवायची. दांडा खाली टाकला की राग संपला. मग त्यासाठीच उभारलेली गवताची झोपडी पेटवतात. ती पेटल्यावर कुणी हात उचलायचा नाही. याला आम्ही वर्ष धुणं म्हणतो.

माझं वर्ष धुतलंच गेलं नव्हतं.

आई मरणाला टेकली तेव्हा थोरला भाऊ मकामे दारेसलामला होता. चार निरोप पाठवले. दफनानंतर तिसऱ्या दिवशी उगवला आणि दारातूनच म्हणाला, "वुआई, भात आहे का रे?"

त्या वर्षी मैदानात त्यानेच मला बोलावलं. "ये, हाण चार. मोकळा हो."

"तुझ्यावर माझा दांडा कशाला वाया घालवू?" सगळ्या गावासमोर मी पाठ फिरवली.

दोन महिन्यांनी तो मासेमारीला गेला.

होडी सापडली. तो नाही.

गेल्या जुलैत मी मैदानात एकटाच उभा होतो. फटके चालले होते, बायका शिव्यांची गाणी गात होत्या...

आणि एकदम सगळं गप्प झालं.

बायकांची तोंडं हलत होती. पण ऐकू काहीच येईना.

फट्...

पाठीवर ओला फटका. वळलो. कोणीच नाही.

फट्... फट्...

खाऱ्या पाण्याचा वास आला. माझं डोकंच फिरलं.

"तू मला मारतोस? तू? आईला खांदा द्यायला आला नाहीस, आणि..."

सपासप दांडा चालवला. सगळे फटके हवेत.

आवाज परतले. आत्या काझिजा खिदळत होती, "अगं बघा, वुआईला भांडायला माणूस मिळेना! वाऱ्यालाच झोडतोय!"

मग तिचं हसू थांबलं. ती माझ्या पायांकडे बघत होती.

तिथे एक दांडा पडला होता... माझा नव्हता. त्यातून पाणी ठिबकत होतं.

त्याच क्षणी झोपडी पेटली.

म्हणजे त्याचं मिटलं! स्वतःचा राग काढला, दांडा टाकला आणि निघून गेला. माझी पाळी येईपर्यंत थांबलासुद्धा नाही.

वर्ष होत आलं. वळ जात नाहीत. सकाळी उठलो की ओले असतात... आणि मला अजून त्याला एक तरी हाणायचाय.